बाभळीचं लाकूड

हिवरे बाजारच्या डोंगरावर चढताना चर आधी पायाला कळतात, डोळ्यांना नंतर. पाऊल थोड्या थोड्या अंतरानं खाली उतरतं आणि पुन्हा वर येतं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकाखाली एक असे हे सलग समतल चर गवतानं इतके झाकले गेलेत, की ते माणसांनी खोदलेत हे वाकून पाहिल्याशिवाय पटत नाही. श्रावणातल्या एका सकाळी आम्ही दहा-बारा जण त्या चरांच्या काठानं बसलो होतो. मांडीवर बायबल होतं. पुढल्या पानांतले उतारे आमचे त्याआधी नगरच्या एका घरात, पंख्याखाली बसून वाचून झाले होते. हागार, मोशे, मान्ना, एलीया, ईयोब, एकशे चौथं स्तोत्र आणि मार्काचा पहिला अध्याय. प्रत्येक उताऱ्यात कुणीतरी रानात जातं किंवा रानात हाकललं जातं, आणि देव तिथे भेटतो. घरात वाचताना ते सगळं ओळखीचं, थोडं गुळगुळीत झालेलं वाटलं होतं. डोंगरावर वाचू लागलो तेव्हा आमच्यातले एक निवृत्त शिक्षक मध्येच थांबले आणि म्हणाले, "अहो, अरण्य अरण्य म्हणतात ते हेच की! हे तर आपलं माळरान."

ही पुस्तिका त्या वाक्यातून निघाली. प्रस्तावनेत मला मुख्यतः तेच वाक्य उलगडून सांगायचं आहे.

मराठी बायबलमध्ये या जागेला कुठे 'अरण्य' म्हटलंय, कुठे 'रान'. अरण्य म्हटलं की मराठी कानाला दंडकारण्य ऐकू येतं. दाट झाडी, पर्णकुटी, झुळझुळणारा ओढा, ऋषींचा आश्रम. मग योहान अरण्यात उपदेश करत होता हे वाचताना आपण त्याला वडाखाली बसवतो. मूळ हिब्रू शब्द आहे 'मिदबार'. पेरणीपुरता पाऊस जिथे भरवशाचा नाही, पण चार सरी पडल्या की गवत उठतं आणि मेंढपाळ कळप घेऊन फिरतात, अशी ती जमीन. यहूदाचं रान यरुशलेमच्या पूर्वेला आहे. भूमध्य समुद्रावरून येणारे ढग डोंगराच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात आणि मृत समुद्राकडे उतरणारी पूर्वेची बाजू कोरडी राहते. पर्जन्यछायेचा प्रदेश! नगर, पारनेर, कर्जतच्या माणसाला हे नकाशा काढून समजवावं लागत नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तेच ढग हिवरे बाजारपर्यंत येईतो जेमतेम 400 मिलिमीटरचे उरतात. युरोपातल्या चित्रकारांनी ख्रिस्ताच्या मागे ओक आणि पाइनची झाडं रंगवली, आणि आपण ती चित्रं चौकटीत घालून भिंतीवर लावली. बायबलमधलं रान मात्र आपल्या दारात होतं. कुसळी गवत, बोरीबाभळी, उघडा खडक, दूर कुठेतरी घोंगडी पांघरून उभा असलेला धनगर.

मोशेला देव भेटला तेव्हा तो ध्यानाला बसला नव्हता, सासऱ्याची मेंढरं चारत होता. धवळपुरीच्या माळावर वाडा टाकलेल्या कुठल्याही मेंढपाळाला ही गोष्ट सांगून पाहावी. कळप रानाच्या पार टोकापर्यंत का न्यावा लागतो, हे त्याला आपल्यापेक्षा अधिक कळेल. चारा संपत आलेला असतो म्हणून.

माळाची आणखी एक ओळख आपल्याकडे चुकलेली आहे. सरकारी दप्तरात अशा जमिनीला बहुधा 'पडीक' म्हणतात. भाषांतरानं तिला अरण्य केलं, दप्तरानं पडीक. ती माळ आहे, गवताळ रान आहे, आणि तिचं स्वतःचं गोकुळ आहे, हे दोघांनाही दिसलं नाही. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी 1980 साली अभयारण्य झालं. दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरचा तुकडा, पण तिथे संध्याकाळी कळप उधळताना पाहिला की 'पडीक' हा शब्द तोंडातून निघत नाही. लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल हे सगळे या जमिनीचे कूळकायदे न वाचलेले मालक आहेत. ईयोबाच्या पुस्तकात देव दुःखानं पिचलेल्या माणसाला उत्तर देतो तेव्हा त्याच्या दुःखाबद्दल एक अक्षर बोलत नाही. तो त्याला रानगाढव, डोंगरातल्या रानबकऱ्या, शहामृग दाखवतो. जिथे माणूस राहत नाही त्या भूमीवर पाऊस कोण पाडतो, असं विचारतो. माणसाच्या उपयोगाचा नसलेला पाऊस! शेतीप्रधान देशात वाढलेल्या मला हा प्रश्न पहिल्यांदा कळला तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती. एकशे चौथ्या स्तोत्रातही तसंच आहे. करकोचे, रानबकऱ्या, सिंहाचे छावे, समुद्रातले लहानमोठे जीव यांच्या रांगेत माणूस येतो तो मोजक्या ओळींपुरता, सकाळी कामावर जाणारा आणि संध्याकाळी परतणारा.

या पुस्तिकेचं शीर्षकही त्या सकाळीच सुचलं. हिवरे या नावात हिवर ऐकू येतो. पांढरट सालीचा, काटेरी, बाभळीच्या गोतातला वृक्ष. निर्गमच्या पुस्तकात मोशेला देव आपल्या वस्तीसाठी मंडप उभारायला सांगतो. त्या मंडपाच्या फळ्या, मेज, वेदी आणि ज्याच्यात कराराच्या दगडी पाट्या ठेवायच्या तो कोश, हे सगळं एकाच लाकडाचं करायचं असतं. हिब्रूत त्याला 'शिट्टीम' म्हणतात आणि मराठी बायबलनं इथे अगदी नेमका शब्द ठेवलाय, बाभूळ. पुढे शलमोनाचं मंदिर झालं तेव्हा लबानोनहून गंधसरू आणले गेले. पण देवाचं पहिलं घर रानात जे उगवत होतं त्याचंच होतं. आमच्याकडे बाभळीची किंमत औत, नांगर, बैलगाडीचं चाक आणि सरपण एवढीच. पूजेचं लाकूड म्हणून बाभळीकडे कुणी पाहत नाही. आमच्या गटातल्या एका बाईंनी त्या दिवशी वाळलेल्या काटकीला हात लावला आणि बराच वेळ तो काढला नाही.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. रानात देव भेटतो, हे वाक्य शहरातल्या माणसाला फार गोड वाटतं. चार दिवस सुट्टी, टेकडीवरचं विश्रामगृह, पहाटेची शांतता. अशा शांततेला माझा विरोध नाही, मीही तिला भुकेला आहे. पण नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसानं ते वाक्य इतक्या सहज म्हणू नये, असं मला वाटतं. अमेरिकन मराठी मिशननं नगरला 1831 साली काम सुरू केलं. ज्यांनी खेड्यापाड्यांतून ख्रिस्ताचा स्वीकार केला त्यांतले बहुसंख्य महार आणि मांग समाजातले होते. गावकुसाबाहेर राहणं म्हणजे काय हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. रान म्हणजे सरपणाची मोळी, रान म्हणजे मेलेलं ढोर ओढून न्यायची जागा, रान म्हणजे दुसऱ्याच्या बांधावरून हाकललं जाणं. त्यांनी देवाचं घर शोधलं ते मिशनच्या आवारात, शाळेच्या घंटेत, कौलारू छपराखाली, आणि ते योग्यच होतं. अक्षर तिथे मिळालं. माणूस म्हणून हाक तिथे मिळाली. माळ मागे सोडणं हीच त्यांची मुक्ती होती.

माझी आजी 1972 च्या दुष्काळात कामावर खडी फोडायला जायची. मिळेल तो मिलो आणि सुकडी यांवर घर चालायचं. तिला वाचता येत होतं, फार नाही, पण येत होतं. आणि बायबलमधली तिची आवडती बाई मरिया नव्हती, हागार होती. अब्राहामाच्या घरातली मिसरी दासी. आधी मालकिणीच्या जाचानं पळालेली, मग लेकरासकट घराबाहेर काढलेली. खांद्यावर पाण्याची पखाल आणि थोडी भाकर. पखाल संपते तेव्हा ती मुलाला झुडपाखाली टाकते आणि बाणाच्या टप्प्याएवढी लांब जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला बघवत नाही. आजी इथे नेहमी थांबायची. "लांब जाऊन बसली," एवढंच पुन्हा म्हणायची. दुष्काळात कुणाकुणाचं काय काय झालं ते तिनं आम्हा मुलांना कधी सांगितलं नाही, पण त्या थांबण्यात ते होतं.

म्हणून या पुस्तिकेत पहिला उतारा हागारचा आहे. मोशेचा नाही, योहानाचा नाही, येशूच्या चाळीस दिवसांचाही नाही. रानाची ख्रिस्ती साधना आपल्याकडे हागारपासूनच सुरू होऊ शकते. पहिल्यांदा पळून गेली तेव्हा रानातल्या झऱ्याशी तिनं देवाला नाव दिलं, मला पाहणारा देव. बायबलमध्ये देवाला नाव देणारं पहिलं माणूस ही दासी आहे. वेदीपाशी नाही, वाटेवरच्या पाण्यापाशी.

नंतरच्या काळात मात्र आपल्यातल्या काहींनी रानाकडे पुन्हा तोंड वळवलं. त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि नंतरच्या आयुष्याचा मोठा भाग नगर आणि राहुरीत घालवला. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ती ओळख थोडी अपुरी आहे. 'वनवासी फूल' ही त्यांची दीर्घ कविता रानातल्या एका फुलाशी चाललेला संवाद आहे. ज्या फुलाकडे कुणी पाहत नाही त्याच्याशी माणसानं बोलावं, त्याचं ऐकावं, ही वृत्ती टिळकांना तुकोबांकडूनही मिळाली होती आणि डोंगरावरच्या प्रवचनात रानफुलांकडे बोट दाखवणाऱ्या येशूकडूनही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. टिळकांच्याच घरात बालकवी ठोंबरे राहिले, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या हातचं जेवले, मुलासारखे रुसले आणि रमले. मराठीतल्या सर्वांत निर्मळ निसर्गकवीला या ख्रिस्ती घराची ऊब मिळाली होती. आपल्या चर्चमधून हे फार कमी वेळा सांगितलं जातं. आयुष्याच्या अखेरीस, 1917 साली टिळकांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही तिथे जागा होती. चर्चच्या भिंतीबाहेरही ख्रिस्त आहे, ही त्यांची खात्री होती, आणि मला वाटतं ती खात्री त्यांना धर्मशास्त्राइतकीच झाडाफुलांनी दिली.

टिळकांचं चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी 1922 साली नगर जिल्ह्यातल्या मिरी गावी ख्रिस्त सेवा संघ काढला. आश्रमाचं साधं राहणं, खादी, जमिनीवर बसून प्रार्थना. पुढे संघ पुण्याला गेला. तिथेच व्हेरिअर एल्विन हे इंग्रज धर्मगुरू आले आणि त्यांना शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती तरुण भेटला. 1932 साली दोघं मैकल डोंगररांगेत गोंडांच्या वस्तीत राहायला गेले आणि आश्रमाला असिसीच्या फ्रान्सिसचं नाव दिलं. एल्विन नंतर चर्चपासून दूर गेले. ती कहाणी मोठी आहे आणि इथली नाही.

मला अधिक वेळ थांबायचंय ते फादर हर्मन बाखर यांच्यापाशी. स्वित्झर्लंडचे हे जेझुइट धर्मगुरू नगर जिल्ह्यात इतके मुरले की लोक त्यांना 'बाखर बाबा' म्हणत. बर्फाच्या डोंगरांत वाढलेल्या या माणसानं आपलं पौरोहित्य उघड्याबोडक्या टेकड्यांवर खर्च केलं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आणि तलाव यांची कामं केली, आणि हळूहळू त्यांना कळलं की पायथ्याशी विहीर खोदून भागत नाही, माथ्यापासून सुरुवात करावी लागते. माथा ते पायथा. नगरचं सोशल सेंटर, पुढे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम, आणि 1993 साली उभी राहिलेली 'वॉटर' ही संस्था यांमागे त्यांची ही समज होती. नगर तालुक्यातलं पिंपळगाव वाघा, संगमनेर तालुक्यातलं मेंढवण अशा गावांनी श्रमदानानं डोंगर बांधून काढले. बाखर बाबा 2021 साली गेले. त्यांचं काम पाहताना मला उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातली दोन क्रियापदं आठवतात. देवानं माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. हिब्रूत मशागतीचा शब्द सेवेचाही आहे, आणि हीच दोन क्रियापदं पुढे निवासमंडपात सेवा करणाऱ्या लेवींच्या कामासाठी येतात. शेतातलं काम आणि मंडपातलं काम, बायबलच्या भाषेत एकच. 1967 साली अमेरिकेतले इतिहासकार लिन व्हाइट यांनी पर्यावरणाच्या नाशाचा मोठा दोष ख्रिस्ती धर्माच्या शिकवणीवर ठेवला. माणसाला सृष्टीवर सत्ता दिली या पहिल्या अध्यायातल्या शब्दावर त्यांचं बोट होतं. त्या आरोपात तथ्य होतंच, कारण चर्चनं दुसरा अध्याय पुरेसा वाचला नव्हता. सृष्टीच्या जतनाविषयीचं पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक 2015 साली आलं. पण त्याच्या कितीतरी आधी, वसईच्या हिरवाईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो 1980 च्या दशकातच रस्त्यावर उतरले होते.

आता हिवरे बाजार. इथे स्पष्ट सांगायला हवं की या गावाच्या कामावर ख्रिस्ती शिक्का मारायचा माझा हेतू नाही. तो मारला तर ती चोरी होईल. हे काम गावानं केलं. बहात्तरनंतर गाव कोसळत गेलं होतं, डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, तरुण मजुरीला बाहेर, घरोघर दारू. 1989 साली पोपटराव पवार हा शिकलेला, क्रिकेट खेळणारा तरुण सरपंच झाला. शेजारच्या राळेगणसिद्धीचा पाणी अडवण्याचा धडा समोर होता. आदर्श गाव योजना आली, वनखात्याच्या डोंगरावर गावानं श्रमदान केलं, सुमारे 40,000 चर खोदले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी गावानं स्वतःवर लादून घेतली. पवारांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. गावात एकच मुस्लिम कुटुंब होतं, त्यांच्यासाठी गावानं मशीद बांधली. हे सगळं ग्रामसभेचं आहे.

पण बायबल मांडीवर घेऊन तिथे बसलं की काही गोष्टी आपसूक उलगडतात, आणि त्या लपवणंही खोटेपणाच ठरेल. चराईबंदी घ्या. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, गवत कापून डोक्यावरून न्यायचं. कागदावर हा नियम आहे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात देव भूमीलाच शब्बाथ देतो. सातव्या वर्षी तिला पेरायचं नाही, तिला विसावा घेऊ द्यायचा. लहानपणी मला वाटायचं शब्बाथ म्हणजे माणसाची सुट्टी. हिवऱ्याच्या उतारावर गुडघाभर मारवेल आणि पवन्या पाहिला तेव्हा कळलं की डोंगराचाही शब्बाथ असतो, आणि तो पाळताना पहिल्या वर्षी शेळी विकावी लागते. ज्याच्या घरात दोनच शेळ्या आहेत त्याला तो विसावा किती महाग पडतो, हेही तिथेच कळतं.

पाण्याचा ताळेबंदही तसाच. किती मिलिमीटर पाऊस पडला ते गाव मोजतं. पिण्याचं पाणी आधी, गुरांचं मग, आणि उरेल त्यावर कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं. ऊस आणि केळी नाही. शेतीसाठी बोअरवेल नाही. पाऊस कमी झाला तर रब्बीचं क्षेत्र घटतं. आणि निर्गमचा सोळावा अध्याय म्हणजे मान्नाची गोष्ट. रानात रोज सकाळी खाली पडलेलं ते अन्न, माणशी एक ओमर मोजून घ्यायचं. ज्यानं जास्त गोळा केलं त्याला जास्त उरलं नाही, ज्यानं कमी केलं त्याला कमी पडलं नाही. उद्यासाठी लपवून ठेवलं त्याच्यात किडे पडले. रविवारच्या शाळेत ही गोष्ट आम्हाला चमत्कार म्हणून शिकवली. त्यातलं माप कुणी दाखवलं नाही. चाळीस वर्षांत रानानं इस्राएल लोकांना शिकवला तो हा हिशोब होता, पुरेसं म्हणजे किती. मिसरच्या कोठारात तो शिकता येत नव्हता, कारण तिथली कोठारं फारोची होती. आणि खोल बोअर मारून शेजाऱ्याच्या विहिरीखालचं पाणी ओढणारा माणूस रात्री कुठली प्रार्थना म्हणतो, या प्रश्नावर आमच्या गटात त्या दिवशी बराच वेळ कुणी बोललं नाही. आमच्यातल्या तिघांच्या शेतात बोअर आहेत. माझ्याही भावाच्या आहे.

ही पुस्तिका कशी वाचावी याबद्दल थोडं. घरात वाचायची असेल तर वाचा, पण एक उतारा तरी बाहेर वाचा. हिवऱ्यालाच जावं असं नाही, आपल्या गावाची टेकडी, गायरान, पाझर तलावाचा काठ पुरेसा आहे. उन्हाळ्यात वाचलेला उतारा पावसाळ्यात पुन्हा वाचा. मोठ्यानं वाचा, रानात आवाज लगेच विरतो आणि वाचणारा हळू होतो. एलीयाच्या उताऱ्याला मुलांना बरोबर न्या. तो झुडपाखाली झोपतो, देवदूत त्याला उठवून भाकर खायला घालतो आणि पुन्हा झोपू देतो, हा भाग त्यांना फार आवडतो. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू रानात श्वापदांबरोबर होता, एवढंच अर्धं वाक्य येतं. त्यावर मी काहीही लिहिलेलं नाही. तिथे पान कोरं ठेवलंय. तुमच्या माळावर कोणती श्वापदं आहेत, ती नावं तिथे तुम्ही लिहा.

आणि हागारचा उतारा शक्य तर विहिरीपाशी वाचा. दुसऱ्या वेळी ती रानात रडत बसलेली असते तेव्हा देव तिच्यासाठी नवा झरा फोडत नाही. तो तिचे डोळे उघडतो, आणि तिला विहीर दिसते. विहीर तिथे आधीपासून होती. ती उठते, पखाल भरते, आणि पोराला पाणी पाजते.